तेरा वर्षांची सात सीटर, दीड लाखाचं एस्टिमेट आणि बाबांची वही

कासपठारी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. स्वार्थी आहे, कबूल.

घरी डिसेंबर २०१२ची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे. लॅडर चासी (खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा), मागची चाकं ओढणारी, मॅन्युअल. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे प्रतिसाद 'तरी सांगत होतो, ती घेऊ नका' असे येतील आणि उरलेले त्यांच्याशी भांडणारे. मीटरवर २ लाख १८ हजार. घेतली तेव्हा आजी धरून घरात सहा माणसं होती. आता आई, बाबा, आम्ही दोघं आणि पाचवीतली मुलगी. राहायला सातारा. माझी नोकरी शिरवळला, कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी रोज लागत नाही. महिन्यातून दोनदा पुणे, वर्षातून एकदा कुंभार्ली घाटाने चिपळूणला मामाकडे, आणि बाकी बाबांची शेतावरची फेरी, जाऊन-येऊन १४ किलोमीटर.

आता दुखणी. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना करपल्यासारखा वास येतो. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'धप्प' असा आवाज. दुपारी एसी नुसता वारा घालतो. आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खाल्लेत, बाहेरून बघितलं तर नक्षी छान दिसते, हात आत घातला की गुळगुळीत.

सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं: क्लच आणि फ्लायव्हील ५६ हजार, सस्पेन्शन ४४, एसी ३४, स्टिअरिंगचं काम १८. एकूण १ लाख ५२ हजार. टायर वेगळे. त्याच काउंटरवर शेजारच्या साहेबांनी गोड आवाजात विचारलं, 'सर, एक्स्चेंजचा विचार केलाय का? २ लाख ९० देऊ.'

बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: 'इंजिनला अजून पाना लागला नाय, विकायची कशापायी?' बायकोचं म्हणणं, एवढे पैसे जुन्या गाडीत घालण्यापेक्षा नवीन घेऊ. मी दोघांच्या मधे, हँडब्रेकसारखा.

ठेवू की विकू?

घाटातला_राजा | सोमवार, रात्री ९:५२

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिशेबी_माणूस | सोमवार, रात्री १०:२०

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

समजा शोरूम किंमत १८ लाखांची नवी डिझेल घेतली. महाराष्ट्रात १० ते २० लाखांमधल्या खाजगी डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ टक्के. म्हणजे २ लाख ५२ हजार, गाडी शोरूमच्या दारातून बाहेर यायच्या आधीच गेले. तुम्हाला ज्या एस्टिमेटचा धसका बसलाय त्याच्यापेक्षा ही रक्कम बरोबर एक लाखाने जास्त आहे. वर विमा आलाच.

मग घसारा. विमा कंपन्यांचा नेहमीचा तक्ता बघा: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी निम्मी. १८ लाखांचे ९ राहिले. वर्षाला १ लाख ८० हजार, काहीही न बिघडता. आणि ते दुरुस्तीसारखं एकदाच नाही, पाच वर्षं सलग.

हां, २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. आधी सेस धरून तो ५० पर्यंत जायचा, म्हणून नव्या गाड्या उतरल्या. पण नवी उतरली की जुनीचा भावही उतरतो, हे एक्स्चेंजवाले साहेब काउंटरवर सांगत नाहीत.

माझं मत: ठेवा. पण १ लाख ५२ हजार देऊनही नाही.

नटबोल्ट | सोमवार, रात्री ११:१५

इचलकरंजी. २२ वर्षं गॅरेज चालवतोय, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरून चाला.

एस्टिमेट वाचून वाटतं की गाडी कुणी खाली शिरून बघितलेलीच नाही. तक्रार ऐकली आणि त्या तक्रारीला लागणारं सगळ्यात मोठं सामान लिहिलं.

एकेक घेऊ. करपल्याचा वास क्लचचाच असणार. खात्री करायची तर मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गियरला ४०चा वेग धरा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडाला आणि वेगाचा काटा जागेवर राहिला तर प्लेट घसरतेय. पण त्याबरोबर फ्लायव्हील बदलायचंच असं नाही. ते ड्युअल मास असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. गिअरबॉक्स उतरवला की हाताने फिरवून त्याचा खेळ मोजता येतो. खेळ मर्यादेत असेल, पृष्ठभाग जळून निळा पडला नसेल, आणि इंजिन बंद करताना खडखडाट नसेल तर राहू द्या. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी फ्लायव्हील 'गेलंय' म्हणणारा माणूस ज्योतिषी असतो.

'धप्प' आणि टायर आतून खाणं ही बहुतेक एकच गोष्ट. लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकाची रबरं, गेले की चाक ब्रेक मारताना थोडं हलतं, अँगल बिघडतो आणि टायर आतून जातो. आधी बुश, मग अलाइनमेंट. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. स्टिअरिंगचे १८ हजार कशासाठी ते विचारा. रॅक गळत नसेल आणि फक्त रॅक एन्डला खेळ असेल तर तो किरकोळ खर्च आहे.

एसी. शेतावर जाता म्हणालात ना? पुढची जाळी काढून कंडेन्सर बघा. निम्मी जाळी धूळ आणि किड्यांनी बंद असते. मग गॅस किती आहे ते मोजा. कमी असेल तर गळती शोधा, नुसता भरून देणाऱ्याला हात जोडा. कंप्रेसर आवाज करत नसेल आणि त्याचा स्वतःचा क्लच पकडत असेल तर तो बदलायचं कारण मला दिसत नाही.

आता एक गोष्ट जी मला रात्री सव्वाअकराला टाइप करायला लावतेय. तुमच्या यादीत सगळ्या कानाला, नाकाला आणि घामाला कळणाऱ्या गोष्टी आहेत. क्लच जळला म्हणून माणूस फार तर रस्त्याकडेला उभा राहतो. पण इंजिन जातं ते तेल, पाणी आणि टायमिंगमुळे, आणि त्याबद्दल एस्टिमेटमध्ये एक ओळ नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, शेवटचं कधी बदललं? होज पाइप कंपनीचेच आहेत का, तेरा वर्षांचे? टायमिंगला बेल्ट आहे की चेन? ब्रेक ऑइल कधी बदललं? ते हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांत बदलायचं असतं, नाहीतर घाट उतरताना उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ही उत्तरं द्या, मग पुढे बोलू.

कासपठारी | मंगळवार, सकाळी ७:०५

नटबोल्ट, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खरंच आभार. टायमिंगला चेन आहे. बाकीच्याची उत्तरं बाबांच्या वहीत असतील.

वहीबद्दल सांगायला हवं. एसटीतून निवृत्त झाल्यावरही त्यांची लॉगशीटची सवय गेली नाही. गाडी आली त्या दिवसापासून लाल रेक्झिनची वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, ही तिसरी. डिझेल भरलं की लिटर, मीटर, आणि सरासरी. ती सुद्धा डेपोच्या पद्धतीने, दहा लिटरला किती. '१३१' असं लिहिलेलं बायकोने बघितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं ॲव्हरेज असेल तर ही गाडी विकायचीच नाही!

संध्याकाळी वही बघून लिहितो.

मुक्तछंदा | मंगळवार, सकाळी १०:३०

सगळे पुरुष घसारा आणि बुशवर तुटून पडलेत, म्हणून बायकोच्या बाजूने लिहिते. 'नवीन घेऊ' म्हणणाऱ्या बाईला कदाचित नवेपणाची हौस नसेल. २०१२च्या गाडीत एअरबॅग किती आहेत? एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा, आहे का? आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१९मध्ये, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२च्या सुरुवातीपासून. त्याआधी हे सगळं महागड्या व्हेरियंटमध्येच. मधल्या सीटवर मधे बसणाऱ्याला पूर्ण पट्टा आहे की नुसता कमरेचा? आणि सगळ्यात मागे सीट आडव्या, समोरासमोरच्या असतील तर त्यांना पट्टेच नसतात बरेचदा. लहान मुलं हमखास तिथेच बसतात, कारण तिथे मजा येते.

गाडी टिकते की नाही हा एक प्रश्न. आतली माणसं टिकतील का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दुरुस्तीने मिळत नाही.

घाटातला_राजा | मंगळवार, सकाळी १०:४४

+१. हा मुद्दा कुणीच काढला नव्हता.

कासपठारी | मंगळवार, दुपारी १:१०

मुक्तछंदा, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, 'बघ, हेच मी तीन वर्षं सांगतेय, फक्त तू ऐकताना टीव्ही चालू असतो.'

आमची वरच्या व्हेरियंटची आहे, पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. मधे मधल्याला कमरेचाच पट्टा. मागच्या सीट आडव्याच, आणि होय, मुलगी आणि तिची चुलत भावंडं तिथेच बसतात. हे मी कधी धोका म्हणून बघितलंच नव्हतं.

कोथरूड_डेपो | मंगळवार, दुपारी २:००

'नवीन घेतली की कटकट संपते' या समजाला माझा छोटासा हातभार. २०२२ला नवी बीएस सहा (धुराच्या नव्या कडक नियमांची) डिझेल घेतली. घर ते ऑफिस ६ किलोमीटर, कर्वे रोड, म्हणजे पाऊण तास. चार महिन्यांत डीपीएफचा पिवळा दिवा. एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी ती जाळी, भरली की ती जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी सलग धावायला हवी. माझी धावतच नाही. जळण्याची क्रिया सुरू होते, तेवढ्यात ऑफिस येतं, मी चावी काढतो. अर्धवट राहिलं की जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मी डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या वर! आनंद झाला होता मला, तेल वाढलं म्हणून.

आता दर रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन येतो. गाडीच्या तब्येतीसाठी. बायकोला पटत नाही.

कासपठारी, बाबांची १४ किलोमीटरची फेरी नव्या डिझेलने केलीत तर माझ्यासारखंच होईल. नवी घ्यायचीच तर पेट्रोल बघा.

इनोव्हाप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:३५

एवढी चर्चा कशाला? इनोव्हा घ्या आणि विसरून जा. आमच्याकडे २००९ची आहे, ३ लाख ४० हजार, फक्त तेल, फिल्टर आणि वेळेवर टायमिंग बेल्ट. टॅक्सीवाले काय वेडे आहेत का?

हिशेबी_माणूस | मंगळवार, दुपारी ३:५०

इनोव्हा एसयूव्ही नाही.

इनोव्हाप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:५२

तिलाही लॅडर चासी, तिचीही मागची चाकं ओढतात. एसयूव्ही म्हणजे काय, शिंगं असतात का?

हिशेबी_माणूस | मंगळवार, दुपारी ३:५८

प्रश्न तो नाही. तुमची टिकली कारण तुम्ही बेल्ट वेळेवर बदललात. टॅक्सीची टिकते कारण ती रोज तीनशे किलोमीटर एका दमात पळते, इंजिन थंड व्हायला वेळच मिळत नाही. तीच गाडी शेडमध्ये उभी ठेवून रविवारी भाजी आणायला वापरा, मग बघू. आणि टॅक्सीवाला १५ हजार किलोमीटर दोन महिन्यांत काढतो, म्हणून त्याचं रबर जुनं व्हायच्या आधी झिजतं. घरच्या गाडीचं रबर झिजायच्या आधी वाळतं.

घाटातला_राजा | मंगळवार, दुपारी ४:०१

पॉपकॉर्न संपले, भडंग आणतो.

मालवणी_खाजा | मंगळवार, रात्री ८:२०

उशिरा आलंय. आमच्याकडे देवबागला गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. खारं वारं. लॅडर चासीची गाडी ठेवायची की नाही याचा निर्णय मी इंजिनाचा आवाज ऐकून घेणार नाही, जॅकवर उचलून घेईन. हातात जाड स्क्रूड्रायव्हर घ्या, मागच्या चाकांच्या वर जिथे स्प्रिंग चासीला बसते तिथे टोचा. टण्ण वाजलं पाहिजे. भसकन आत गेला तर एस्टिमेट फाडा आणि गाडी द्या कुणाला तरी. दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, ती चिखलाने बुजतात आणि पाणी आत राहून पत्रा आतून बाहेर सडतो. वरून फुगा दिसतो तोपर्यंत आतलं संपलेलं असतं.

आणि खालून काळं कोटिंग मारून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते. आधी साफ, मग कोटिंग.

साताऱ्याची हवा कोरडी, तुमची चासी चांगलीच असेल. चिपळूणला मामाकडे गेलात की गुहागरच्या वाळूत गाडी घालू नका म्हणजे झालं. रील बनवायला घालतात लोक, मग ट्रॅक्टर बोलावतात.

टोरांटोचा_तात्या | बुधवार, पहाटे ५:१५ (इकडे संध्याकाळ)

मालवणी_खाजा, आमच्याकडे समुद्र नाही पण सरकार स्वतः रस्त्यावर मीठ टाकतं! बर्फ वितळावा म्हणून. नोव्हेंबर ते मार्च गाडी खालून लोणच्यासारखी मुरते. इथे लोक दर शरद ऋतूत चासीला तेलाचा फवारा मारून घेतात. सुकून पापुद्रा धरणारं कोटिंग नाही, ठिबकत राहणारं तेल. ओल कोंडण्याबद्दल तुम्ही म्हणता तेच कारण. दोन दिवस ड्राइव्हवेवर डाग पडतात, शेजारी बघतो.

माझी होंडा पायलट २०११ची आहे. व्ही सिक्स, टायमिंग बेल्टवाली. लाखभर मैल झाले तेव्हा बेल्ट बदलला आणि त्याच वेळी वॉटर पंपही, कारण तो बेल्टच्या आतच बसतो आणि मजुरी एकच. पंप चांगला होता, तरी बदलला. मेकॅनिक म्हणाला, पंप स्वस्त आहे, तो काढायला लागणारे सहा तास महाग आहेत. नटबोल्ट यांनी पाण्याचा विषय काढला तेव्हा हे आठवलं, बाकी काही नाही.

कासपठारी | बुधवार, रात्री ९:३०

वही घेऊन बसलोय. बाबा शेजारी आहेत आणि मी काय टाइप करतो ते चष्म्यावरून बघतायत.

ब्रेक ऑइल: नोंद सापडली ती २०२०ची. बाबा गप्प.

कूलंट: २०१८ला बदललं.

होज: कधीच नाही.

इंजिन ऑइल: दर वर्षी दिवाळीच्या आधी, किलोमीटर कितीही होवोत.

या वर्षीच्या काही ओळी जशाच्या तशा उतरवतो, नटबोल्ट यांना काही कळलं तर:

'१२ जून. डिझेल ४० लि. दहा लिटरला १२९. पाणी अर्धा लि.'
'३ जुलै. हवा ३५. पाणी अर्धा लि.'
'२५ जुलै. डिझेल ३८ लि. १२४. वायपर रबर बदलले.'
'१६ ऑगस्ट. पाणी अर्धा लि.'
'७ सप्टें. डिझेल ४१ लि. ११८. पाणी पाऊण लि.'

नटबोल्ट | बुधवार, रात्री ९:४१

थांबा.

पाणी म्हणजे विंडस्क्रीनच्या टाकीतलं की रेडिएटरचं?

कासपठारी | बुधवार, रात्री ९:४४

बाबांना विचारलं. रेडिएटरच्या डब्यातलं. 'कमी दिसलं की घालतो. गाडीला पाणी लागतंच की.' साधं, नळाचं.

नटबोल्ट | बुधवार, रात्री १०:०५

नाही लागत. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की एसटीच्या जुन्या गाड्यांना लागायचं. या गाडीची यंत्रणा बंद आहे, तिला वर्षभर थेंब लागायला नको. तीन आठवड्यांना अर्धा लिटर जातंय म्हणजे कुठून तरी जातंय, आणि सप्टेंबरात पाऊण झालंय. दर वेळी नळाचं पाणी घालून आतलं कूलंट पातळ झालं, म्हणजे गंज न धरू देणारी रसायनंही पातळ झाली. टाकीत बघा, रंग हिरवा आहे की चहासारखा?

गाडीखाली ओल दिसत नसेल तर माझा पहिला संशय वॉटर पंपावर. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं, गरम इंजिनावर पडून वाळतं, खाली थेंब येतच नाही. सुकलेल्या कूलंटची पांढरट-हिरवट वाट मात्र राहते. टॉर्च मारून बघा. ती नसेल तर होजचे जोड, मग हीटर, आणि सगळ्यात शेवटी, देव न करो, हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसते का?

हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की तुमचं १ लाख ५२ हजारांचं एस्टिमेट स्वस्त वाटायला लागेल.

कासपठारी | बुधवार, रात्री १०:३२

साय नाही. पाणी चहासारखं, तेही बिनदुधाच्या. आणि वाट आहे. आत्ता मोबाइलचा टॉर्च मारून बघून आलो. पंपाखाली नखाएवढा पांढरा ओघळ.

बाबा वही हातात घेऊन बसलेत. म्हणाले, 'मी लिवलं तर होतं.' खरं आहे. लिहिलं होतं, पाच ओळींत चार वेळा, आणि सर्व्हिस सेंटरला गाडी दिली तेव्हा वही कप्प्यातच होती.

मुक्तछंदा | बुधवार, रात्री १०:५०

अंगावर काटा आला. या महिन्यात कुंभार्लीने जाणार होतात का?

कासपठारी | बुधवार, रात्री १०:५३

येत्या शनिवारी.

टोरांटोचा_तात्या | गुरुवार, पहाटे ४:४०

वॉटर पंप! आम्ही उगाच पाल्हाळ लावत नाही कधी कधी.

कासपठारी | अकरा दिवसांनी, रविवार, सकाळी ११:२०

अपडेट देतो. मधे गाडी गॅरेजमध्ये होती. सर्व्हिस सेंटर नाही, बाबांच्या ओळखीचा एमआयडीसीतला फिटर, डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला.

आधी जॅकवर उचलून स्क्रूड्रायव्हर. टण्ण. मालवणी_खाजा, तुमची आठवण काढली.

वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि नवं कूलंट, तेही रेडिएटर उलट्या बाजूने धुऊन: १३,९००. धुताना पहिल्या बादलीत जे पाणी आलं ते मी बघितलं आणि मुकाट्याने नजर वळवली. गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलचा खेळ मर्यादेत निघाला, नुसतं साफ केलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून १९ हजार. प्लेटीचे रिव्हेट वर आले होते. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ११,८००. जुना बुश हातात घेतला तर रबर वाळलेल्या आमसुलासारखं, दाबलं की कडा तुटून पडली. शॉकअप फक्त पुढचे दोन, ९,२००. मागचे चांगले आहेत म्हणून फिटरनेच नको म्हटलं. स्टिअरिंगमध्ये काहीही नव्हतं. ते १८ हजार कशाचे होते, हे कोडं मी सोडवायचं सोडून दिलंय. एसीचा कंडेन्सर धुतला, एका जोडाची रबर रिंग गळत होती ती बदलली, गॅस भरला: ३,४००. कंडेन्सरमधून निघालेल्या कचऱ्यात एक अख्खं फुलपाखरू होतं. ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड ४,१००. दोन टायर १६,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००.

बेरीज ७९,४००. टायरसकट.

मुक्तछंदा, तुमच्या मुद्द्याचंही सांगतो, कारण घरात सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली. मागच्या आडव्या सीट काढून टाकल्या. मुलगी रडली, पण आता गाडी पाच जणांचीच. मधल्या सीटच्या दोन्ही कडांना पूर्ण पट्टे आहेत, तिथे आई आणि मुलगी. बायको मधे, कमरेच्या पट्ट्यावर. तिने ते स्वतः निवडलं आणि मला ते आवडलेलं नाही. म्हणून पुण्याला हायवेने पाचही जण जाणार असू तेव्हा बाबा एसटीने जातील असं ठरलं. बाबांना तर निमित्तच हवं होतं, ज्येष्ठ नागरिकांचा पास आहेच. म्हणजे सात सीटर आता चार जणांना घेऊन फिरते. हसा.

आरसी डिसेंबर २०२७पर्यंत आहे. तेव्हा पुन्हा नोंदणी करायची तर ५ हजार शुल्क, वर पर्यावरण कर आणि आरटीओत गाडी दाखवणं. बायकोशी तह असा झालाय की तोवर ही, आणि त्यानंतर सहा एअरबॅगवाली पेट्रोल. दर महिन्याला १५ हजार वेगळे टाकायला सुरुवात केली. हिशेबी_माणूस यांनी घसाऱ्याचा जो आकडा काढला होता तोच, फक्त खिशातून जाण्याऐवजी खात्यात.

हिशेबी_माणूस | रविवार, सकाळी ११:४५

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावतो. शुल्काचं बरोबर आहे, एप्रिल २०२२पासून ६००चे ५ हजार झाले. तेव्हाचे दर पुन्हा एकदा तपासा, तोवर बदललेले असू शकतात.

नटबोल्ट | रविवार, दुपारी १२:१०

फिटर भला माणूस दिसतो. मागचे शॉकअप नको म्हणणारा फिटर सांभाळून ठेवा, दिवाळीला मिठाई द्या.

दोन कामं राहिलीत. एक, हजार किलोमीटरनंतर कूलंटची पातळी गाडी थंड असताना बघा, आत अडकलेली हवा निघून गेली की थोडी उतरते. तेवढं एकदाच घालायचं, आणि तयार कूलंट, नळाचं नाही. दोन, नव्या टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानदाराने जुना माल दिला नाही ना, बघा.

आणि स्टेपनी?

कासपठारी | रविवार, दुपारी १२:३५

नव्या टायरवर ३१२५ आहे, म्हणजे या वर्षीचाच. ठीक.

स्टेपनी तुम्ही विचारल्यावर बघितली. गाडीच्या खाली टांगलेली असते, तेरा वर्षांत दोनदा उतरवली असेल. ४४१२. गाडीबरोबर आलेला टायर आहे, नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक भेगा. हवा १२.

बाबांनी वही मागवली आणि नवीन पान काढलं. 'पाणी' असा कॉलम आखून खाली '०' लिहिलं. मग शेजारी आणखी एक कॉलम आखला, स्टेपनीचा. पट्टी नव्हती म्हणून विम्याच्या पावतीच्या कडेने रेघ मारली, ती वाकडी आलीये.

घाटातला_राजा | रविवार, दुपारी १२:४०

धागा वाचून मी माझी स्टेपनी बघायला गेलो. जागेवर नाही. कुणाला दिली होती ते आठवतंय का बघतो.